ठरावीक आकारात व्हिडिओ बसवणे

व्हिडिओची फाइल किती एमबीची व्हावी हे आधी ठरवून त्यावरून बिटरेट (व्हिडिओच्या एका सेकंदाला किती बिट) काढण्याची पद्धत. फाइलचा आकार म्हणजे बिटरेट गुणिले कालावधी. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, या गुणाकारात येतच नाही. १०८०पी चा ४८०पी केला की फाइल आपोआप हलकी होते, हा समज फार पसरलेला आहे. बिटरेट तोच ठेवला तर आकारही जवळपास तोच राहतो.

समजा, स्नेहसंमेलनातल्या नाचाची ३ मिनिटांची क्लिप १६ एमबीत बसवायची आहे. १ एमबी म्हणजे १० लाख बाइट आणि एका बाइटचे ८ बिट धरले तर १२ कोटी ८० लाख बिट हाताशी येतात. त्यांना १८० सेकंदांनी भागले की सेकंदाला ७११ किलोबिट. आवाजाचे ६४ वजा केले की उरले ६४७. चित्र आणि आवाज एकत्र बांधणाऱ्या एमपी४ च्या वेष्टनालाही थोडी जागा लागते, म्हणून चित्रासाठी ६३० धरावेत. काही ठिकाणी एमबी १०२४ च्या पटीत मोजतात, पण १००० ने मोजले की चूक झालीच तरी सुरक्षित बाजूला होते. एवढ्या बिटरेटमध्ये १०८०पी चे चित्र चौकटी-चौकटींनी फुटते. रिझोल्यूशन कमी करायचे ते इथे, चित्र वाचवण्यासाठी.

खरे कौशल्य आहे ते हे बिट वाटण्यात. विसर्जन मिरवणुकीचे चित्रण घ्या. मंडपात मूर्ती स्थिर असते तोवर एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये फारसे काही बदलत नाही आणि थोडक्यात भागते. गुलाल उधळला की हवेतला कण न् कण हलतो आणि तेच काही सेकंद बिट गिळून टाकतात. एकाच फेरीत काम करणाऱ्या एन्कोडरला (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला) पुढे गुलाल येणार आहे हे फारसे आधी कळत नाही. म्हणून दोन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत एन्कोडर सगळा व्हिडिओ पाहून कुठे किती गुंतागुंत आहे याची नोंद एका लॉग फाइलमध्ये ठेवतो. त्या फेरीतले चित्र टाकूनच देतात. दुसऱ्या फेरीत त्या नोंदीवरून वाटप होते. वेळ जास्त लागतो, पण आकडा बहुधा अगदी जवळ येतो. एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममध्ये एक्स२६४ हा एन्कोडर वापरून हे सहज करता येते.

व्हीसीडीत (व्हिडिओ सीडीत) हा प्रश्नच नव्हता: चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट ठरलेले, त्यामुळे एका तबकडीवर सव्वा तासाच्या आसपास मावे आणि मराठी चित्रपट दोन तबकड्यांत येत. पुढे डिव्हएक्स या व्हिडिओ दाबण्याच्या तंत्राच्या काळात ७०० एमबीच्या एका सीडीवर अख्खा चित्रपट बसवायची धडपड सुरू झाली आणि दोन फेऱ्यांची पद्धत घराघरातल्या संगणकांवर पोचली.

घरच्या संग्रहासाठी मात्र ही पद्धत वापरू नये. तिथे सीआरएफ (दर्जा स्थिर ठेवणारी पद्धत) बरे. त्यात दर्जा ठरवायचा (एक्स२६४ मध्ये आपण काही न सांगितल्यास २३) आणि आकार होईल तो होऊ द्यायचा. मर्यादा खरोखर असेल तिथेच, म्हणजे ईमेलला जोडताना किंवा एखाद्या अर्जासोबत फाइल चढवताना, एमबीचा हिशेब मांडावा. ईमेलला जोडलेली फाइल पाठवताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, तेवढी जागा आधीच सोडावी.