डॉक्टर फॉक्स आणि न लागलेली प्लीहा

शिक्षकदिनाला मेडिकलच्या पोरांना आवडत्या सरांबद्दल विचारा. 'सर भारी शिकवतात, ऐकता ऐकता डोक्यात बसतं' हे उत्तर ठरलेलं. पहिला अर्धा भाग मान्य. दुसऱ्याबद्दल शंका आहे.

1970 साली अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ वगैरे मंडळींपुढे 'डॉ. मायरन फॉक्स' यांचं व्याख्यान झालं. विषय, वैद्यकीय शिक्षणात गेम थिअरी. वक्ता होता नट आणि भाषण मुद्दाम रचलेलं निरर्थक. विनोद मात्र फर्मास. श्रोते खूश! एकाने तर आपण या फॉक्स साहेबांचं लेखन वाचल्याचंही कळवलं.

मग डोक्यात बसतं कसं? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग घ्या. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, कागद झाकून, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने पारडं फिरलं: 42 विरुद्ध 56. आठवण बाहेर ओढताना तिच्याकडे जाणारी वाट पक्की होते. पुन्हा वाचताना मजकूर फक्त ओळखीचा वाटतो. (मुलांची बुद्धी वाढवतो म्हणणाऱ्या मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासला हजारो रुपये भरणाऱ्या पालकांनी हा कोरा कागद फुकट वापरून पाहावा.)

म्हणून वॉर्डात प्रश्न विचारणारे सर मोलाचे. पण पोरं आणखी एक गोष्ट सांगतात, 'सर पेशंटसमोर इज्जत काढत नाहीत.' हा नुसता हळवेपणा नाही. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक नेमकं आठवण बाहेर काढण्याच्याच आड येतं.

राउंडवर एकदा पेशंटचं पोट तपासणाऱ्या विद्यार्थ्याला सरांनी विचारलं, "प्लीहा लागते?" (प्लीहा म्हणजे स्प्लीन, डाव्या बरगड्यांखाली असते; सहसा वाढली तरच हाताला लागते.)

"नाही सर."

"हात कुठून सुरू केलास?"

"डाव्या बरगडीखालून."

सर काही बोलले नाहीत. त्याचा हात धरून पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवला. "आता पेशंटला मोठा श्वास घ्यायला सांग." श्वास घेतला की छाती आणि पोटामधला पडदा खाली येतो, प्लीहेला खाली ढकलतो. प्रत्येक श्वासाला हात थोडा तिरपा वर, डावीकडे. बेंबीपाशी बोटांना कड येऊन टेकली. प्लीहा एवढी वाढली होती, की बरगडीखाली त्याचा हात तिच्यावरच होता. कड लागणार कुठून?

"सर, लागली!"

"आता कडेवरची खाच शोध, प्लीहेची खूण ती," सर म्हणाले आणि पुढच्या बेडकडे वळले.