बीटल्स योकोमुळे फुटले? छे!

जॉन लेननची जोडीदार योको ओनो हिने बीटल्समध्ये, म्हणजे जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चौघांच्या इंग्लिश बँडमध्ये फूट पाडली, ही कंडी पन्नासहून जास्त वर्षं टिकून आहे. ती स्टुडिओत जॉनला चिकटून बसायची, हे खरंच. पण घराचे वासे आधीच फिरले होते. ऑगस्ट १९६७मध्ये मॅनेजर ब्रायन एपस्टाइन वारला, सूत्रं पॉलने घेतली आणि बाकीच्यांना त्याची मास्तरकी जाचू लागली. १९६८च्या ऑगस्टमध्ये रिंगो चक्क निघून गेला. परतला तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी सजवलेले! जानेवारी १९६९मध्ये जॉर्ज उठून गेला. आपल्या गाण्यांना जागा मिळत नाही, हे त्याचं जुनं दुखणं. मग नवा मॅनेजर कोण, यावर तिघे एकीकडे, पॉल एकटा. ‘मी चाललो’ हे जॉनने सप्टेंबर १९६९मध्येच सांगितलं होतं, फक्त आतल्या आत. जाहीर बोलला पॉल, एप्रिल १९७०मध्ये. म्हणून थोडं खापर त्याच्याही माथी.