अकाराजे: चवळीच्या वड्यामागचा इतिहास

ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात रस्त्यावर तळला जाणारा अकाराजे म्हणजे चवळीचा वडा. चवळी मूळची आफ्रिकेची. नायजेरियात आणि बेनिनमध्ये हाच वडा ‘अकारा’ या नावाने आजही न्याहारीला खातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओयोचं, म्हणजे आजच्या नायजेरिया-बेनिन भागातलं योरुबा लोकांचं राज्य खिळखिळं होऊ लागलं आणि पुढची काही दशकं योरुबा माणसं मोठ्या संख्येने गुलाम म्हणून बाहियाच्या (साल्व्हादोर ज्याची राजधानी आहे त्या प्रांताच्या) किनाऱ्यावर उतरवली गेली. वड्याची कृती त्यांच्याबरोबर आली.

मालक गुलाम बायकांना खाद्यपदार्थ विकायला शहरात धाडत. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वरची कमाई आपली. त्या शिलकीतून काहींनी स्वतःची सुटका विकत घेतली. 1888 मध्ये गुलामगिरी संपली, धंदा बायकांच्याच हाती राहिला. कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळाच्या ब्राझिली पंथात वारा-वादळाची देवी यान्सां हिचा हा नैवेद्य. देवीपुढे वडा नुसता ठेवतात. सारण भरतात ते गिऱ्हाइकासाठी.

अर्धा किलो चवळी घेतली, तर खरी मेहनत सालं काढण्याची. आधी भरडायची, चार-पाच तास भिजवायची आणि पाण्यातच हातांनी चोळायची. टरफलं वर येतात, ती पाण्याबरोबर ओतून टाकायची. ती राहिली तर वडा काळपट आणि गच्च होतो. वाटताना पाणी अगदी जेमतेम घालावं, नाहीतर पीठ तेलात विस्कटतं. त्यात दोन मध्यम कांदे वाटून घालायचे. मीठ सर्वांत शेवटी, कारण त्याने कांद्याला पाणी सुटतं. मग लाकडी डावाने पीठ दहा-पंधरा मिनिटं फेटायचं. यात ना आंबवणं, ना सोडा. हलकेपणा येतो तो फेटताना शिरलेल्या हवेतून. उडीदवड्यासारखं इथेही थेंबभर पीठ पाण्यात तरंगलं पाहिजे. फेटण्यात कसूर झाली की वडा दगड होतो, आणि तेल त्याला वाचवू शकत नाही.

तळायला देंदे, म्हणजे लाल पामतेल. ते कमी तापलं तर वडा तेल पितो, फार तापलं तर धुरकट कडवटपणा येतो. तेल जळू नये म्हणून विक्रेत्या कढईत अख्खा कांदा सोडतात. तळलेला वडा चिरून त्यात वातापा (पाव, नारळाचं दूध, शेंगदाणे-काजू, सोडे), भेंडीचा कारुरू आणि वाळवलेली कोळंबी भरतात. हेच पीठ केळीच्या पानात वाफवलं की अबारा.

कारुरूचा मान मोठा आहे. 27 सप्टेंबरला कोस्मे-दामियांव या जुळ्या संतांच्या नावाने घरोघरी तो शिजतो आणि पहिली पंगत सात मुलांची. यान्सांला लोक कॅथलिक संत बार्बाराशी एकरूप मानतात. 4 डिसेंबरला तिच्या सणाला लाल-पांढरे कपडे घालून लोक मिरवणुकीला निघतात.

2005 मध्ये ब्राझीलच्या वारसा संस्थेने या विक्रेत्यांचा व्यवसाय राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून नोंदवला. नोंद पदार्थाची नव्हे, तो करणाऱ्या बायकांच्या कामाची झाली, हे योग्यच. तरीही 2013-14 च्या फुटबॉल स्पर्धांच्या वेळी स्टेडियमपाशी विकायला त्यांना मज्जाव होणार होता. त्यांच्या संघटनेने सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे मोजक्या जणींना आवारात कढई मांडता आली.