मध स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही

‘स्टेजवर जाण्याआधी चमचाभर मध गिळला की स्वरतंतूंना वंगण मिळतं’, हा निरोप खान्देशात रॉक गाणाऱ्या आणि नाटकातही उभं राहणाऱ्या पोरांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर. कंठमण्यावर बोट ठेवून पाण्याचा घोट घ्या. कंठ वर सरकतो, श्वास क्षणभर थांबतो, ती वाट मिटते. थेंबभर जरी तिकडे गेलं तर लगेच ठसका लागतो! मधानं घशाची खवखव शमते, म्हणून बरं वाटतं. त्या भरवशावर ताणून मात्र गाऊ नका. स्वरतंतूंपर्यंत थेट पोचते ती वाफ. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पाणी सकाळपासूनच थोडं थोडं प्यावं, ऐनवेळी गटागट प्यायलेलं कामी येत नाही. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं तपासून घ्या.