तेलाची गाडी बंद झाली, वाट मात्र शिल्लक राहिली

स्पेनच्या दक्षिणेत हाएन शहरापासून पुएन्ते हेनिलपर्यंत सुमारे 128 किलोमीटरची एक वाट जाते. तिच्यावर मोटारगाडी येत नाही. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं आहेत, पुढे कोर्दोबा प्रांतात अधूनमधून द्राक्षमळे लागतात. चढ इतका सौम्य, की सवय नसलेला माणूसही सायकल रेटत राहतो. हल्ली जाड टायरची ग्रॅव्हल बाइक घेऊन युरोपभरचे लोक इथे येतात आणि ‘काय सुरेख आखलाय मार्ग’ म्हणतात. मार्ग सुरेख आखलेला आहे हे खरंच. पण तो सायकलींसाठी आखलेला नव्हता, आणि आखणाऱ्यांच्या डोक्यात पर्यटक तर अजिबात नव्हते. त्यांच्यापुढे प्रश्न होता शिसं आणि तेल बंदरावर पोहोचवण्याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाएनच्या उत्तरेला लिनारेस इथे शिशाच्या खाणी जोरात होत्या. बंदर होतं मालागा, आणि मध्ये डोंगर. कोर्दोबा ते मालागा हा रेल्वेमार्ग 1865 मध्येच सुरू झाला होता. त्याला पुएन्ते हेनिलपाशी लिनारेसकडून येणारा फाटा जोडला, की माल थेट समुद्रापर्यंत. 1877 मध्ये स्थापन झालेल्या ‘फेर्रोकार्रिलेस आन्दालुसेस’ या खासगी कंपनीने हे काम घेतलं आणि 1893 पर्यंत जोडणी पूर्ण केली. शिशाबरोबर पिंपं भरभरून ऑलिव्ह तेल जाऊ लागलं. लोकांच्या तोंडी गाडीचं नाव झालं ‘तेलाची गाडी’, आणि तेच वाटेलाही चिकटलं: व्हिया वेर्दे देल आसेइते, तेलाचा हरित मार्ग.

वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून अभियंत्यांनी टेकडीला वळसे घातले, बोगदे खणले, दऱ्यांवर पूल टाकले, पण शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा येऊ दिला नाही. आजचा सायकलस्वार ज्या आरामाचं कौतुक करतो, तो सगळा त्या इंजिनाच्या अशक्तपणाचा प्रसाद आहे. हाएन आणि कोर्दोबा प्रांतांच्या सीमेवर ग्वादाहोस नदीवरचा लोखंडी पूल दोनशे मीटरहून लांब आहे. त्यावर थांबून खाली पाहिलं, की नुसत्या सायकलवाटेसाठी एवढा खर्च कुणी केला नसता हे लगेच पटतं.

ही वाट तेलाच्या मुलखातून जाते म्हणजे काय, तेही बघायला हवं. हाएन प्रांतात सहा कोटींहून जास्त ऑलिव्हची झाडं आहेत. वाटेतलं मार्तोस तर तेलासाठीच ओळखलं जातं. इथल्या पिकुआल जातीचं तेल कडसर आणि घशाशी जरा झोंबणारं. पहिल्यांदा चाखणाऱ्याला ते बिघडलेलं वाटू शकतं, पण तोच त्याचा गुण. पुढे बाएना आणि लुसेना लागतात. या गावांच्या नावाने तेलाला भौगोलिक मानांकन आहे, जसं आपल्याकडे देवगड हापूसला. याच टापूत मोन्तिया-मोरिलेस वाइनचा प्रदेशही येतो. तिथे पेद्रो हिमेनेस जातीची द्राक्षं उन्हात वाळवून काळीभोर, काकवीसारखी दाट गोड वाइन करतात. लुसेनाचे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि वाइन साठवायचे माणूसभर उंचीचे रांजण घडवत आले.

गाडीचे दिवस फिरले ते ट्रकमुळे. यादवी युद्धानंतर 1941 मध्ये खासगी कंपन्या गुंडाळून रेन्फे ही सरकारी रेल्वे कंपनी स्थापन झाली, पण आडवळणाच्या मार्गांवर पैसा ओतायची कुणाची तयारी नव्हती. तेल टँकरमधून जाऊ लागलं, खाणी आटल्या, माणसं बसने फिरू लागली. 1984 मध्ये फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी सरकारने तोट्यातल्या मार्गांची यादी काढली आणि 1 जानेवारी 1985 पासून सुमारे 900 किलोमीटरचे मार्ग पूर्ण बंद झाले. जवळपास तेवढ्याच लांबीवर प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या तेवढ्या राहिल्या. तेलाची गाडीही याच लाटेत गेली. रूळ उखडून भंगारात गेले, स्टेशनांची कौलं गळू लागली, बोगद्यांत शेतकरी मेंढ्या बांधू लागले.

खरी कलाटणी इथे आहे, आणि ती बहुतेक प्रवासवर्णनांत येतच नाही. रूळ गेले तरी जमीन विकली गेली नाही. रेल्वेची पट्टी सार्वजनिक मालकीचीच राहिली. ती तुकड्यातुकड्यांनी शेजारच्या बागायतदारांना देऊन टाकली असती, तर पाच वर्षांत तिथे ऑलिव्ह उभे राहिले असते आणि सव्वाशे किलोमीटरची सलग वाट पुन्हा जोडायला कोणत्याच सरकारकडे पैसा किंवा चिकाटी नव्हती. अमेरिकेत जुन्या रेल्वेमार्गांच्या पायवाटा करण्याची चळवळ तोवर उभी राहिली होती. 1993 मध्ये स्पेनच्या सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाने रेल्वे कंपन्या आणि स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठान यांना बरोबर घेऊन बंद मार्गांची मोजदाद केली. देशभरात 7600 किलोमीटरहून अधिक वापराबाहेरचे मार्ग निघाले. त्यातून ‘व्हियास वेर्देस’ कार्यक्रम सुरू झाला. हे नाव प्रतिष्ठानाने नोंदवून घेतलं आहे, म्हणजे कुणीही आपल्या गावच्या कच्च्या रस्त्याला ते लावू शकत नाही. आज या वाटांची एकूण लांबी 3000 किलोमीटरच्या पुढे गेली आहे.

काम मात्र एका हाताने झालेलं नाही. पैसा कुठे केंद्राचा, कुठे युरोपीय निधीचा, कुठे जिल्हा परिषदेसारख्या प्रांतिक मंडळाचा. म्हणून पृष्ठभागही सारखा नाही. सुब्बेतिका डोंगरांच्या बाजूला मुरूम-खडी टाकून रोलरने दाबलेली वाट आहे, हाएनकडे काही ठिकाणी डांबर लागतं. ग्रॅव्हलवाले डांबराला नाकं मुरडतात; व्हीलचेअरवर किंवा बाबागाडी घेऊन येणाऱ्यांना ते बरं वाटतं. ही वाट त्यांचीही आहे. जुनी स्टेशनंही अशीच वेगवेगळ्या कामाला लागली. लुकेच्या स्टेशनात उपाहारगृह आहे, दोन्या मेन्सियाच्या स्टेशनावर सायकली भाड्याने मिळतात, काब्राच्या स्टेशनाजवळ तेलाच्या गाडीची माहिती देणारं केंद्र आहे. ‘मोटारमुक्त’ हा शब्दही थोडा सैल हातानेच घ्यावा. नोव्हेंबर ते जानेवारी ऑलिव्हची तोडणी चालते. झाडाखाली जाळी अंथरून काठ्यांनी किंवा यंत्राने फांद्या झोडपतात आणि भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर वाट ओलांडत राहतात. तेव्हा थांबायचं सायकलवाल्याने.

सगळ्याच वाटा यशस्वी रेल्वेच्या नाहीत. कादिस प्रांतात ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो अशी 36 किलोमीटरची व्हिया वेर्दे दे ला सिएर्रा आहे. हा शेरी वाइनच्या हेरेस शहराला आतल्या डोंगराळ मुलखाशी जोडणाऱ्या मार्गाचा तुकडा. प्रिमो दे रिवेरा याच्या हुकूमशाहीत, 1920 च्या दशकाच्या शेवटी, काम सुरू झालं. तीस बोगदे खणले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली. मग 1936 मध्ये यादवी युद्ध पेटलं, काम खोळंबलं, आणि पुढे ते कायमचं सोडून दिलं गेलं. या तुकड्यावरून प्रवाशांची गाडी एकदाही धावली नाही. तिथल्या साफ्रामागोन सुळक्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. रेल्वे सुरू झाली असती तर त्यांचं काय झालं असतं, हा विचार बोगद्याबाहेर आल्यावर डोकावतोच.

कॅटलोनियाच्या तेर्रा आल्ता भागातली कथा अधिक जड आहे. आरागोनमधून भूमध्य समुद्रापर्यंत जाणाऱ्या व्हाल दे साफान मार्गाची गाडी 1895 मध्ये आल्कान्यिसला पोहोचली आणि तिथेच अडकली. 1938 च्या उन्हाळ्यात आणि शरदात याच डोंगरांत यादवी युद्धातली एब्रोची लढाई झाली. तोर्तोसापर्यंत रूळ पोहोचायला 1942 उजाडलं, समुद्र गाठणं राहूनच गेलं. 1973 मध्ये एका बोगद्यात पडझड झाली आणि दुरुस्त करण्याऐवजी मार्गच बंद केला गेला. आता आर्नेस, बोत, पिनेल दे ब्राय अशी गावं घेत जाणारी वाट पांढऱ्या गार्नाचा द्राक्षांच्या आणि ऑलिव्हच्या बागांतून जाते. काही बोगद्यांत दिवे नाहीत, सोबत चांगला दिवा हवाच. पिनेल दे ब्राय इथे वास्तुकार गाउदीचे शिष्य सेसार मार्तिनेल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांच्या सुमारास बांधलेलं सहकारी वाइनघर आहे. विटांच्या उंच कमानी, आणि दर्शनी भिंतीवर चिनीमातीच्या फरश्यांची लांबच लांब चित्रपट्टी: द्राक्षतोडणी, तेलघाणा, आणि झिंगलेले शिकारी. शेतकऱ्यांनी सहकारातून उभारलेली एवढी दिमाखदार इमारत सहसा बघायला मिळत नाही.

उत्तरेत रिओखामध्ये रेल्वेने वाइनचं नशीबच बदललं. 1860 च्या दशकात आरो गावाला रेल्वे आली. त्याच सुमारास फ्रान्सचे मळे फिलोक्सेरा किडीने पोखरले जात होते, आणि बोर्दोचे व्यापारी माल शोधत दक्षिणेला उतरले. स्टेशनाच्या आजूबाजूलाच वायनऱ्या उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया 1877 ची, कुने 1879 ची. पिंप तळघरातून काढलं की थेट रेल्वेच्या वाघिणीत. आरोहून एस्कारयला जाणारी छोट्या गेजची गाडी मात्र 1916 मध्ये आली आणि 1964 मध्ये बंद पडली. तिच्या जागी आज ओहा नदीकाठची सायकलवाट आहे.

रेल्वेच्या आधीचीही एक मोटारमुक्त जमीन स्पेनकडे आहे: मेंढपाळांच्या वाटा. 1273 मध्ये राजा आल्फोन्सो दहावा याने मेंढपाळांच्या मेस्ता या संघटनेला सनद दिली. हंगामी स्थलांतरासाठीच्या त्यांच्या सर्वांत मोठ्या वाटा 75 मीटर रुंद धरल्या जात. अशा सगळ्या वाटा मिळून सुमारे सव्वा लाख किलोमीटर भरतात. 1995 च्या कायद्याने त्या विकता न येणारी सार्वजनिक मालमत्ता ठरल्या आणि पायी, घोड्यावर किंवा सायकलने जायला मोकळ्या राहिल्या. कागदावर. प्रत्यक्षात शेजारचा नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतो, आणि 75 मीटरची वाट कुठे कुठे ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांपुरती उरते.

रेल्वेच्या पट्ट्यांवर असं अतिक्रमण कमी झालं, कारण त्यांच्या कडेला कापीव उतार, भराव आणि दगडी कठडे होते. हद्द डोळ्यांना दिसत होती. ही जमीन बहुतेक ठिकाणी आजही सरकारी रेल्वे पायाभूत संस्था अदिफकडेच आहे. नगरपालिका आणि प्रांतिक मंडळं ती करारावर वापरायला घेतात, देखभाल त्यांच्या गळ्यात असते. म्हणून एका प्रांतात वाट लख्ख झाडलेली आणि सीमा ओलांडताच काटेरी झुडपं, असा प्रकार घडतो. निघण्याआधी त्या-त्या मंडळाच्या सूचना पाहून घ्याव्यात. पावसाळी हिवाळ्यानंतर दरड कोसळून एखादा बोगदा महिनोन्‌महिने बंद असतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये हाएनकडे फिरकूच नये; चाळिशीपार तापमानात ऑलिव्हच्या तुटपुंज्या सावलीचा काही उपयोग होत नाही.