कॉम्प्रेशन वाढवायची हौस आली कुठून

जुनं इंजिन कामाला काढलं की कोणीतरी बोलतंच, आता खोललंच आहेस तर कॉम्प्रेशन पण वाढवून टाक, म्हणजे पेटण्याआधी पेट्रोल-हवेचं मिश्रण आणखी दाबलं जाईल असं कर. पण मुळात ते कमी केलं कोणी, हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

1876 च्या जर्मनीतल्या ओटोच्या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची सिलिंडरमधली जागा भागिले पिस्टन वर असताना उरणारी जागा) जेमतेम अडीचच्या आसपास होता, फोर्डच्या मॉडेल टीचा सुरुवातीला साडेचार आणि नंतर तर चारच्याही खाली. जास्त दाबलं तर जास्त ताकद हे सगळ्यांना माहीत होतं, अडचण होती नॉकिंगची, म्हणजे जास्त दाबलेलं मिश्रण आपोआप भलतंच पेटून इंजिन टकटक करतं त्याची. 1919 च्या सुमारास ब्रिटिश इंजिनिअर हॅरी रिकार्डोने चालू इंजिनात रेशो बदलता येईल असं टेस्ट इंजिन बनवलं आणि त्यातून कळलं की मर्यादा लोखंडाची नाही, इंधनाची आहे, प्रत्येक पेट्रोल वेगवेगळ्या रेशोला टकटक करायला लागतं.

मग डिसेंबर 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या (जीएम) मिजली या संशोधकाला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून नॉकिंग थांबवायचा उपाय सापडला, 1923 पासून ते पेट्रोल पंपावर आलं. शिसं विष आहे हे काय तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, 1924 मध्ये कारखान्यातले कामगार दगावले, विक्री थोडा काळ थांबली आणि परत सुरू. असो. पुढची चाळीसेक वर्षं ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग न होता दाब सोसायची ताकद) वाढत गेलं आणि मागोमाग रेशो, 1949 च्या ओल्ड्समोबिल रॉकेट व्ही8 ला 7.25 होता, साठच्या दशकात 10-11 कॉमन झालं.

आणि 1971 ला गाडी उलटी फिरली. प्रदूषणाचे नियम, पुढे येणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारे, शिशाने ते निकामी होतात), म्हणून जीएमने कमी ऑक्टेनवर चालतील अशी इंजिनं काढली. शेव्हरलेचं एलटी-1 इंजिन बघा, 1970 ला 11 रेशो आणि 370 एचपी, 1971 ला 9 आणि 330. 1972 ला 255 दिसतात पण तिथे मोजायची पद्धतच बदलली होती, ग्रॉसवरून (नुसतं इंजिन) नेटवर (गाडीत असतं तसं सगळं जोडून), त्यामुळे सगळं खापर कॉम्प्रेशनवर फोडू नका.

आजचे बरेच रिबिल्ड (जुनी इंजिनं खोलून नव्याने बांधणं) हे त्या कमी केलेल्या इंजिनांचेच. शेव्हीच्या (शेव्हरलेच्या) 350 घन इंची व्ही8 चा एक सिलिंडर साधारण 717 सीसी, पिस्टन वर असताना 76 सीसीचं हेड चेंबर (सिलिंडरच्या झाकणातली पोकळी), गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ सील) आणि बाकी फटी धरून 96 सीसी उरत असतील तर रेशो 8.5 च्या आसपास. फक्त हेड 64 सीसीचं लावलं की 9.5, बाकी कशाला हात न लावता. पण काही रिबिल्ड पिस्टन मुद्दाम अर्धा एमएम खुजे बनवलेले असतात, ब्लॉकचा वरचा भाग घासला जाणार हे गृहीत धरून, आणि ब्लॉक घासलाच नाही तर त्याच 9.5 चे 9.1 होतात. वर पिस्टन आणि हेडमधली फट वाढते ती वेगळीच. ती साधारण एक एमएम असली की मिश्रण नीट घुसळलं जातं आणि नॉकिंग कमी होतं, हा धागाही रिकार्डोच्याच, मिश्रण घुसळणाऱ्या हेडपर्यंत जातो. म्हणून जाड गॅस्केट टाकून, ही फट वाढवून रेशो उतरवणं मला तरी पटत नाही.

साठच्या दशकातले आकडे आज जसेच्या तसे उचलायचे तर मोठ्या कॅमचंही (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट) बघावं लागतं, कारण त्यात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि कमी आरपीएमला खरा दाब कागदावरच्या रेशोपेक्षा बराच कमी बनतो, तोच 11 रेशो छोट्या कॅमवर लावला तर साध्या पेट्रोलवर टकटक ठरलेली.