पिंजरा तोच, आमिष वेगळे: शार्क पाहण्याच्या साठ वर्षांची पार्श्वभूमी

खानदेशात पिंजरा म्हटला की आठवतो तो बिबट्याचा. शहादा-तळोद्याच्या उसात किंवा चाळीसगावकडच्या शिवारात बिबट्या फिरू लागला की वनखाते लोखंडी पिंजरा आणते, आतल्या कप्प्यात शेळी बांधते आणि जनावर आत शिरले की मागचे दार खाली पडते. शार्कच्या पिंजऱ्यात माणूस आत असतो आणि जनावर बाहेर मोकळे. आमिष मात्र दोन्हीकडे लागते. केप टाउनच्या सहलीचा बेत आखताना ‘शार्क केज डायव्हिंग’ ही ओळ जळगाव-धुळ्याच्या प्रवाशांसमोरही येते. तिच्यासाठी पैसे भरण्याआधी या आमिषाचा इतिहास माहीत असावा, कारण या उद्योगाचे बरेवाईट जे काही झाले ते पिंजऱ्यापेक्षा आमिषामुळेच झाले आहे.

सुरुवात दक्षिण ऑस्ट्रेलियात झाली. 8 डिसेंबर 1963 रोजी अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला अल्डिंगा किनाऱ्यावर भाल्याने मासे मारण्याची स्पर्धा चालू होती. आदल्या वेळचे विजेते रॉडनी फॉक्स यांना पांढऱ्या शार्कने छातीपाशी धरले. बरगड्या मोडल्या, फुप्फुस उघडे पडले, हात फाटला. अंगात घट्ट वेटसूट होता म्हणून शरीर एकत्र राहिले, आणि तो तसाच ठेवून त्यांना रुग्णालयात नेले. पुढे 462 टाके पडले. बरे झाल्यावर प्राणिसंग्रहालयात गजांआडचे सिंह पाहताना त्यांना सुचले की समुद्रात उलटे करावे, माणसालाच गजांआड ठेवावे. समुद्रात पिंजरा त्याआधीही उतरला होता. फ्रान्सचे झाक कुस्तो यांनी 1950 च्या दशकात चित्रीकरणासाठी तो वापरला होता. पण पांढरा शार्क पाहण्यासाठी मुद्दाम बांधलेला पिंजरा आणि त्यावर उभी राहिलेली सहल ही फॉक्स यांचीच देणगी.

1965 मध्ये फॉक्स यांनी ब्रायन रॉजर आणि आँरी बुर्स यांच्यासह मोहीम काढली. तिघांनाही शार्कने चावलेले होते, बुर्स यांचा तर एक पाय गेला होता. कॅमेरा रॉन टेलर यांच्या हाती होता. शार्क बोलावण्याचे तंत्र त्यांनी गळाने शार्क धरणाऱ्या आल्फ डीन यांच्याकडून घेतले. डीन यांनी 1959 मध्ये सेडुना येथे 1208 किलोचा पांढरा शार्क गळाला लावला होता. माशांचा खिमा, रक्त आणि तेल पाण्यात सोडायचे, त्याचा पट्टा प्रवाहाबरोबर दूरवर जाऊ द्यायचा आणि बोटीच्या मागे दोरीला मोठा तुकडा बांधून ठेवायचा, ही शिकाऱ्याची रीत. ऑस्ट्रेलियात या खिम्याला ‘बर्ली’ म्हणतात, इतरत्र ‘चम’. पाहणाऱ्यांनी शिकाऱ्याची ही रीत जशीच्या तशी उचलली, फक्त गळ काढून टाकला. आज सहलीला जाणारा माणूस बोटीवर पाहतो ते हेच.

पुढे 1975 चा ‘जॉज’ हा चित्रपट आला. त्यातल्या जिवंत शार्कची दृश्ये रॉन आणि व्हॅलरी टेलर यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या डेंजरस रीफजवळ घेतली. शार्क मोठा दिसावा म्हणून पिंजरा नेहमीपेक्षा लहान बांधला होता आणि आत बुटक्या अंगाचा माणूस उतरवायचा होता. तो पाण्यात जाण्याआधीच एक शार्क रिकाम्या पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकला आणि सुटण्यासाठी धडपडत राहिला. हे दृश्य इतके जबर निघाले की ते वापरता यावे म्हणून कथेत पिंजऱ्यातल्या पात्राला जिवंत ठेवले गेले. पण चित्रपटाने माणसाच्या मनात बसवलेली भीती शार्कला फार महाग पडली. जबडा भिंतीवर लावण्यासाठी पांढरे शार्क मारण्याची हौस वाढली. टेलर दांपत्याने पुढची कित्येक वर्षे शार्कच्या संरक्षणासाठी खर्च केली, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

1991 मध्ये दक्षिण आफ्रिकेने पांढऱ्या शार्कला कायद्याचे संरक्षण दिले. असे करणारा तो पहिला देश. मारायची बंदी आली, मग पाहण्याचा धंदा उभा राहिला. केप टाउनहून रस्त्याने दोन-अडीच तासांवर गान्सबाय हे मच्छीमारांचे गाव आहे. त्याच्या शेजारच्या क्लाइनबाय बंदरातून बोटी सुटतात. समोर डायर बेट, त्याला लागून केप फर सीलची दाट वस्ती असलेला गायझर रॉक, आणि दोहोंमधली अरुंद खाडी म्हणजे ‘शार्क अ‍ॅली’. सील हे मोठ्या शार्कचे खाद्य, म्हणून शार्क इथे येतच होते. 1990 च्या दशकात पिंजऱ्याच्या बोटी वाढल्या आणि या गावाने स्वतःला पांढऱ्या शार्कची राजधानी म्हणवून घेतले.

गान्सबायचा पिंजरा म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी नळ्यांची लांबट चौकट. ती बोटीच्या कडेला बांधलेली असते, तरंगत्या फुग्यांवर उभी असते आणि तिचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. एका वेळी पाच ते आठ जण ओळीने आत उभे राहतात. पाठीवर हवेची टाकी नसते. गॉगल, जाड वेटसूट, डोक्याला टोपी, पायात बूट आणि पाणी वर ढकलू नये म्हणून शिशाच्या वजनांचा पट्टा, एवढेच. डोके पाण्याबाहेर ठेवून उभे राहायचे, वरून ‘डाउन’ असा पुकारा झाला की श्वास धरून आतली दांडी पकडायची आणि खाली जायचे. दहा-पंधरा सेकंदांत शार्क समोरून निघून जातो. ऑस्ट्रेलियाच्या नेपच्यून बेटांवर नळीने हवा देतात, त्यामुळे तिथे सलग पाण्याखाली राहता येते.

वरवर सोप्या दिसणाऱ्या या मांडणीत बिघाड होतो तो आमिषाच्या जागेवरून. पांढरा शार्क चावा घेताना डोळे आत फिरवतो. सीलच्या नखांपासून बुबुळ वाचवण्याची ही सोय आहे. म्हणजे शेवटच्या क्षणी तो आंधळा असतो. दोरी ओढणाऱ्याने तुकडा पिंजऱ्याकडे खेचला तर शार्क त्याच वेगाने गजांवर येऊन आदळतो. त्याला मागे पोहता येत नाही, त्यामुळे गजांच्या फटीत डोके शिरले की तो पुढेच रेटतो. शिवाय खाऱ्या पाण्यात बुडालेल्या धातूभोवती क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो आणि शार्कच्या नाकाडावरच्या छिद्रांना तो जाणवतो. शार्क दांडीला तोंड लावतो तेव्हा ते बहुतेकदा चाचपणे असते, पर्यटक मात्र त्याला हल्ला समजतात. म्हणून जाणता माणूस आमिष पिंजऱ्याच्या बाजूने, समांतर ओढतो आणि शार्कच्या तोंडी लागू देत नाही. खायला मिळाले की शार्क बोटीला अन्नाशी जोडू लागेल, ही भीतीही त्यामागे आहे.

ही शिस्त मोडली की काय होते ते मेक्सिकोच्या ग्वादलुपे बेटाजवळ दिसले. तिथले पाणी काचेसारखे स्वच्छ, म्हणून छायाचित्रकारांची पहिली पसंती तिथेच होती. 2016 मध्ये आमिषावर झेपावलेला शार्क गज वाकवून पिंजऱ्यात शिरला आणि वरच्या उघड्या दारातून बाहेर पडला. आतला माणूस वाचला. 2019 मध्ये दुसऱ्या शार्कचे डोके गजांत अडकले आणि तो शार्क मेला. जानेवारी 2023 मध्ये मेक्सिकोने त्या बेटावरचे शार्क पर्यटन कायमचे बंद केले. नेपच्यून बेटांवर मार्ग निराळा निघाला. बोटींचे दिवस वाढल्यावर शार्क तिथे जास्त काळ रेंगाळू लागल्याचे संशोधकांनी दाखवले, तेव्हा परवाने आणि दिवस दोन्हींवर मर्यादा आली. आमिषाऐवजी पाण्याखाली आवाज सोडून शार्क बोलावण्याचे प्रयोगही तिथे झाले.

माणसांचे सर्वांत मोठे नुकसान झाले ते शार्कमुळे नव्हे. 2008 मध्ये गान्सबायजवळ नांगर टाकून उभी असलेली एक बोट मोठ्या लाटेने उलटली आणि तीन पर्यटक दगावले. समुद्र खवळला म्हणून फेरी रद्द करणाऱ्या चालकावर रागावू नये, तो आपले काम नीट करतो आहे.

आणि आता आजची परिस्थिती. 2017 मध्ये गान्सबायच्या किनाऱ्यावर पांढरे शार्क मरून पडू लागले. छाती फाडलेली आणि यकृत गायब. हे काम ओर्कांच्या, म्हणजे डॉल्फिनच्या कुळातल्या मोठ्या शिकारी सस्तन प्राण्यांच्या, जोडीचे होते. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे वाकलेला, म्हणून त्यांना ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ ही नावे पडली. शार्कचे यकृत तेलाने भरलेले, तेवढेच ते खातात. 2022 मध्ये मॉसेल बे इथली अशी शिकार ड्रोनवर टिपली गेली. 2023 मध्ये स्टारबोर्डने एकट्याने एक तरुण शार्क दोन मिनिटांच्या आत मारला. मेलेल्यांपेक्षा पळालेले शार्क कितीतरी जास्त. गान्सबायमध्ये महिनोन् महिने पांढरा शार्क दिसेनासा झाला आणि पिंजऱ्यासमोर आता मुख्यतः तांबूस रंगाचा ‘ब्रॉन्झ व्हेलर’ येतो. तोही देखणा, पण जाहिरातीतला जबडा त्याचा नव्हे. सगळा दोष ओर्कांवर टाकणे मात्र काही अभ्यासकांना मान्य नाही. पांढऱ्या शार्कचे खाद्य असलेले छोटे शार्क मासेमारीत उपसले गेले आणि दक्षिण आफ्रिकेच्याच क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या स्नानकिनाऱ्यांवरच्या जाळ्यांत पांढरे शार्कही मरत राहिले, याकडे ते बोट दाखवतात.

यकृताचा हा लोभ आपल्या शेजारीही होता. तापी ज्या गुजरातेत समुद्राला मिळते, त्याच राज्याच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर, वेरावळ भागात, प्रचंड पण निरुपद्रवी व्हेल शार्क यकृताच्या तेलासाठी मारला जाई. लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून ते तेल चोपडत. 2001 मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. मोरारीबापूंनी त्याला माहेरवाशिणीची उपमा दिली, तेव्हा मच्छीमार स्वतःची जाळी कापून तो सोडू लागले. तिथे ना पिंजरा लागला ना आमिष.

खानदेशातून जाणाऱ्यासाठी थोडे व्यवहाराचे. विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकलेल्याला गान्सबायचा पिंजरा जड नाही. पोहता न येणाराही उतरू शकतो, कारण सगळा वेळ हाताशी दांडी असते. त्रास होतो तो थंडीचा आणि बोट लागण्याचा. पाणी बहुधा 12 ते 18 अंशांचे असते आणि उन्हाळ्यात 44 अंश सोसलेल्या अंगाला ते पहिल्या क्षणी श्वास घेऊ देत नाही. अशा वेळी आधी श्वास सावरावा, मगच डोके बुडवावे. उलटीची गोळी बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी, बंदरात उलटी आल्यावर घेऊन उपयोग नसतो. सकाळी तेलकट खाणे टाळावे, एखादे केळे आणि कोरडी पोळी पुरे. चष्मा गॉगलखाली बसत नाही, कॉन्टॅक्ट लेन्स न्याव्यात. दाढी-मिशी दाट असेल तर गॉगलच्या कडेने पाणी शिरते. मुंबईहून इथिओपिया किंवा केनियामार्गे जायचे असेल तर पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी. ती ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते.

पैसे भरण्याआधी चालकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या जातीचे शार्क दिसले, एकही दिसला नाही तर दुसरी फेरी मिळते की पैसे परत, आणि आमिष शार्कच्या तोंडी लागू नये यासाठी दोरीवर कोण असतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी बोट शोधावी.